‘हजारो वर्षांचं वैर’ हा फॉरवर्ड आणि आमच्या कट्टा ग्रुपवरची चर्चा

पाटील (ए-१०४)
अरब, तुर्क आणि ज्यू यांचं वैर हजारो वर्षांचं आहे, रक्तातच आहे, असा मेसेज आला होता. वर टाकलाय. मला तरी पटला. रोजच्या बातम्या बघून हे कधी मिटेल असं वाटत नाही. देशपांडे मॅडम, तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात, तुमचं काय म्हणणं?

देशपांडे (बी-४०२)
पाटील साहेब, मला तो मेसेज अजिबात पटला नाही. का, ते सविस्तर लिहिते, कारण हे मेसेज आपली मुलंही वाचतात आणि खरं धरून चालतात.

जेरुसलेम आणि दमास्कस १५१६ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेली आणि १८३० च्या दशकातला इजिप्तचा ताबा सोडला तर पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे चारशे वर्षं तिथले अरब, तुर्क आणि ज्यू एकाच राज्याची प्रजा होते. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवलं तेव्हा त्यांना थारा दिला तो सुलतान दुसरा बायझिद याने. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यू आणि ख्रिश्चन यांचा दर्जा बराच काळ कायद्यानेच दुय्यम होता. १८४० मध्ये दमास्कसच्या ज्यूंवर खुनाचा खोटा आळ घेऊन त्यांचा अतोनात छळ झाला. पण ‘हा देश फक्त आमचा, आणि आमचा म्हणजे आमच्या भाषेचा किंवा आमच्या वंशाचा’ ही मागणी त्या काळात कुणाचीच नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि तिघांकडेही थोड्याफार फरकाने एकाच सुमाराला आली.

सायली (डी-५०३)
मॅडम, मग बिनसलं नेमकं कधी? एखादं वर्ष सांगता येईल का?

देशपांडे (बी-४०२)
सायली, एक वर्ष धरायचंच तर मी १९०८ धरेन, आणि ते वर्ष भांडणाचं नव्हतं. जुलै १९०८ मध्ये ‘तरुण तुर्क’ या सुधारणावादी गटाने उठाव करून सुलतान अब्दुल हमीदला राज्यघटना पुन्हा लागू करायला लावली. जेरुसलेममध्ये मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू सगळे रस्त्यावर येऊन आनंद साजरा करत होते. नव्या संसदेत तुर्कांबरोबर अरब, आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू खासदार बसले. बगदादहून निवडून गेलेले सासून हेस्केल ज्यू होते. हे नाव लक्षात ठेव, त्यांच्याबद्दल पुढे लिहायचंय मला.

त्यानंतर सत्तेवरच्या तुर्कांनी कारभार आपल्या मुठीत आवळत नेला. १९०९ मध्ये वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या नावाने संघटना काढायला कायद्याने बंदी आली. कोर्टात, शाळांत, कचेऱ्यांत तुर्कीचा आग्रह वाढला. जून १९१३ मध्ये अरब पुढाऱ्यांनी पॅरिसला परिषद भरवली, पण तिथेही त्यांनी वेगळा देश मागितला नाही. अरबीला मान द्या आणि प्रांतांना अधिकार द्या, एवढंच मागणं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या टप्प्यावर तडजोडीला भरपूर जागा होती.

पाटील (ए-१०४)
पण ज्यूंना तर सुरुवातीपासून वेगळा देशच हवा होता ना?

देशपांडे (बी-४०२)
झायोनिस्ट चळवळीला हवा होता. सगळ्या ज्यूंना नाही. रशियात ज्यूंच्या कत्तली चालल्या होत्या, युरोपात कुठेच त्यांना निर्धास्त जगता येत नव्हतं, त्यातून ही चळवळ उभी राहिली. तिच्यामागचं दुःख खरं होतं.

एक पत्र सांगते. युसुफ झिया अल-खालिदी हे जेरुसलेमचे माजी महापौर आणि पहिल्या ऑटोमन संसदेचे सदस्य. १ मार्च १८९९ रोजी त्यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. ते पुढे झायोनिस्ट चळवळीचा नेता थिओडोर हर्झल याच्या हाती पडलं. खालिदींनी ज्यूंचा या भूमीशी असलेला ऐतिहासिक संबंध मोकळ्या मनाने मान्य केला होता, त्यांची कल्पनाही न्याय्य आहे असं म्हटलं होतं. मात्र पॅलेस्टाईनमध्ये आज दुसरे लोक राहतात, म्हणून देवासाठी पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या, अशी कळकळीची विनंती त्यांनी केली होती. हर्झलने उत्तर पाठवलं की ज्यूंच्या पैशाने तिथल्या लोकांचं भलंच होईल, त्यांना घालवायचा विचार कोण करेल? १८९९ सालच्या या दोन पत्रांत पुढचा सगळा पेच आलेला आहे आणि दोघेही सभ्यपणे बोलत आहेत. शिकवताना इथे आले की मी दरवेळी थांबायचे.

आणि बेन-गुरियन! इस्रायलचे पहिले पंतप्रधान १९१२ मध्ये इस्तंबूलला कायदा शिकायला गेले होते. त्या काळातला त्यांचा तुर्की टोपीतला फोटो प्रसिद्ध आहे. ऑटोमन साम्राज्यात राहूनच ज्यूंना काही मिळवता येईल असं तेव्हा त्यांना वाटत होतं. १९१५ मध्ये सिरिया-पॅलेस्टाईनचा तुर्क कारभारी जमाल पाशा याने त्यांना हद्दपार केलं.

कदम (ए-३०२)
मॅडम, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने तुर्कांशी लढणाऱ्यांत आपली माणसंही होती हे सांगायला हवं. सहावी पुणे डिव्हिजन इराकमध्ये कुतला तुर्कांच्या वेढ्यात सापडली, तीत मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा होता. अन्न संपलं, घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली आणि त्यांतले कितीतरी जण कैदेत, वाळवंटातून चालता चालताच गेले. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत ‘या गावातून इतके जण महायुद्धाला गेले’ असे दगड अजून आहेत. आमच्या गावीही आहे. कुणाच्या भांडणात गेलो हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंही नसेल.

देशपांडे (बी-४०२)
कदम काका, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आता तारखा बघा. कुत पडलं २९ एप्रिलला. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ६ मे १९१६ ला, जमाल पाशाने बैरुत आणि दमास्कसच्या चौकांत मिळून २१ अरब पुढारी-लेखकांना जाहीर फाशी दिली. त्यांत अब्दुल हमीद अल-झहरावी होते. पॅरिसच्या परिषदेचे तेच अध्यक्ष, ऑटोमन संसदेत बसलेले. सिरिया आणि लेबनॉनमध्ये ६ मे हा हुतात्मा दिन ठरला तो यामुळे.

फ्रान्सशी संधान बांधल्याचा पुरावा म्हणून वापरलेली बरीचशी कागदपत्रं बैरुतच्या फ्रेंच वकिलातीत सापडली होती. युद्ध सुरू झाल्यावर तिथला फ्रेंच राजदूत-अधिकारी (कॉन्सल) ती मागे ठेवून निघून गेला होता. तो कॉन्सल म्हणजे फ्रान्स्वा जॉर्ज-पिको. फाशीनंतर दहा दिवसांनी, १६ मेला, ब्रिटन आणि फ्रान्सने अरबांचा प्रदेश आपसांत वाटून घेतला त्या सायक्स-पिको करारातला पिको हाच. मला या माणसाचा फार राग येतो. त्याच्या भरवशावर राहिलेले लोक फासावर गेले आणि त्यांचा मुलूख त्याने वाटणीला घातला.

दुसरीकडे ब्रिटिशांनी मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र अरब राज्याची आशा दाखवली होती, म्हणून जून १९१६ मध्ये त्याने तुर्कांविरुद्ध बंड पुकारलं. नंतर २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटनच्याच बाल्फोर जाहीरनाम्यात पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा. एकाच भूमीबद्दल तिघांना तीन शब्द दिले. ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या एकमेव ज्यू मंत्र्याने या जाहीरनाम्याला कडाडून विरोध केला. तो मंत्री म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला एडविन माँटेग्यू, तेव्हाचा भारतमंत्री. या जाहीरनाम्यामुळे देशोदेशीच्या ज्यूंना परकं ठरवलं जाईल ही त्याची भीती होती.

शेख (सी-२०१)
देशपांडे मॅडम, थोडी भर घालतो. अरब विरुद्ध तुर्क हा भाग आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतो. भारतात खिलाफत चळवळ उभी राहिली १९१९ मध्ये. तुर्की खलिफाचं पद टिकावं म्हणून इथले मुसलमान आणि गांधीजी एकत्र आले. चळवळीचं मोठं ठाणं आपली मुंबई होती. तिकडे मक्केचा शरीफ आधीच त्या खलिफाविरुद्ध लढून मोकळा झाला होता. आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफत मोडीत काढली ती खुद्द तुर्कांच्या संसदेने. पुढे १९२८ मध्ये तुर्कीची अरबी लिपी गेली, १९३२ पासून १९५० पर्यंत अजानसुद्धा तुर्कीत द्यावी लागत होती. धर्म एकच असताना हे झालं. १९३९ मध्ये फ्रान्सने सिरियातला अंताक्याचा भाग तुर्कस्तानला देऊन टाकला, ते सिरियाने कित्येक दशकं मान्य केलं नाही. म्हणून सगळं धर्माचं भांडण आहे हे मला कधीच पटलेलं नाही.

सायली (डी-५०३)
शेख काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि तुर्कस्तानात ज्यूंचं पुढे काय झालं?

देशपांडे (बी-४०२)
तिथे दोन्ही चित्रं दिसतात. १९३३ नंतर हिटलरने काढून टाकलेल्या ज्यू प्राध्यापकांना इस्तंबूल विद्यापीठाने नोकऱ्या दिल्या. त्याच तुर्कस्तानात १९४२ मध्ये संपत्ती कर बसला. ज्यू, आर्मेनियन, ग्रीक व्यापाऱ्यांवर तो मुसलमानांच्या कित्येक पट लावला. ज्यांना भरता आला नाही त्यांना पूर्वेला अश्कालेच्या छावणीत सक्तमजुरीला पाठवलं.

आणि स्ट्रुमा. रुमानियातून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंची ही जुनी बोट डिसेंबर १९४१ मध्ये इंजिन बिघडून इस्तंबूलला लागली. ब्रिटिश पॅलेस्टाईनमध्ये येऊ देईनात, तुर्क किनाऱ्यावर उतरू देईनात. सत्तर दिवस पावणेआठशेच्या आसपास माणसं त्या बोटीत कोंडलेली, गावातून दिसत होती. २३ फेब्रुवारी १९४२ ला तुर्कांनी बंद इंजिनासकट ती ओढत काळ्या समुद्रात नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली. शंभराहून जास्त मुलं होती. वाचला फक्त एक जण. यात वैर शोधू गेलं तर सापडत नाही. प्रत्येक सरकारने आपला हिशेब बघितला आणि नको म्हटलं.

पेणकर आजी (सी-१०२)
देशपांडे बाई, मी हळूहळू टाइप करते, सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्रायल. कोकणात आमच्या पूर्वजांचा तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. ज्यू म्हणून आम्हाला कुणी गावातून उठवलं नाही. माझी मोठी बहीण लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली. तिच्या शेजारी बगदादहून आलेलं कुटुंब. त्या बाई ज्यू, पण घरात सगळे अरबीच बोलायचे. रेडिओवर इजिप्तच्या उम्म कुलसूमचं गाणं लागलं की दार उघडं टाकायच्या, जिन्यापर्यंत ऐकू यायचं. बहीण म्हणायची, मी मराठीसाठी जशी झुरते तशी ही बगदादसाठी झुरते. अरब आमचे शत्रू असं त्या बाईंच्या तोंडून तिने ऐकलं नाही. घर सोडावं लागल्याचं दुःख मात्र रोज होतं.

देशपांडे (बी-४०२)
आजी, तुमच्या बहिणीच्या शेजारणीचं बगदाद म्हणजे सासून हेस्केलांचं बगदाद. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला त्या शहरात पाव हिश्श्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. इराक देश झाला तेव्हा पहिले अर्थमंत्री हेस्केलच झाले. १९२५ मध्ये ब्रिटिश तेल कंपनीशी बोलणी चालू असताना तेलाचा मोबदला सोन्याच्या दराने मिळाला पाहिजे यावर ते अडून बसले आणि ते त्यांनी मिळवलं. पुढे पौंड घसरला तेव्हा त्याचा इराकला मोठा फायदा झाला. अरब देशाचं हित जपणारा हा ज्यू मंत्री. १९३२ मध्ये ते वारले. नऊच वर्षांनी, १ आणि २ जून १९४१ ला, त्याच बगदादमध्ये ज्यूंवर हल्ले होऊन दीडशेहून जास्त माणसं मारली गेली. काहींना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास ज्यू इराक सोडून गेले. त्यांचं नागरिकत्व गेलं, मागे राहिलेली मालमत्ता सरकारने गोठवली.

पाटील (ए-१०४)
मॅडम, एवढं वाचून ‘हजारो वर्षं’ हे शब्द मी मागे घेईन. पण १९२९ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉनला ६७ ज्यू मारले गेले, तेव्हा इस्रायल नव्हतं. मग तो द्वेष आला कुठून? मला अजूनही वाटतं की मुळात ज्यूंना तिथे कुणी राहू द्यायला तयारच नव्हतं.

देशपांडे (बी-४०२)
हेब्रॉन खरं आहे, त्यावर पांघरूण घालू नये. त्याच हेब्रॉनमध्ये शेकडो ज्यूंना अरब कुटुंबांनी आपल्या घरात घेऊन वाचवलं हेही खरं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे ज्यू त्या दिवशी मारले गेले, कारण तोवर अफवा पसरवणाऱ्यांनी प्रत्येक ज्यूला देश घ्यायला आलेला परका ठरवून टाकलं होतं. १९४८ मध्ये दैर यासिनच्या अरब गावकऱ्यांच्या वाट्याला तेच आलं. शेजारच्या वस्तीशी त्यांचा शांततेचा करार होता, तरी ९ एप्रिलला शंभराहून जास्त जण मारले गेले. चारच दिवसांनी हदासा हॉस्पिटलकडे निघालेल्या ज्यू डॉक्टर-नर्सांच्या गाड्यांवर हल्ला झाला आणि ७० च्या वर माणसं गेली.

‘राहू द्यायला तयार नव्हतं’ म्हणाल तर १९४८ मध्ये, इस्रायल उभं राहिलं तेव्हाच्या युद्धात, सात लाखांवर पॅलेस्टिनींची घरं गेली. त्यांना परत येऊ दिलं नाही, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून छावण्यांत आहेत. पुढच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. तुमच्या मेसेजमध्ये यातला एकही आकडा नाही. दुसऱ्या बाजूचे जे मेसेज फिरतात त्यांत यातला एकच असतो. मी वर्गात दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि कुठल्याही मुलाला त्यातला एक पुसू द्यायचे नाही.

पाटील (ए-१०४)
ठीक आहे. दोन्ही बाजूंनी झालं हे मान्य. जबाबदारी सारखी होती हे मला मान्य नाही.

देशपांडे (बी-४०२)
सारखी होती असं मीही म्हणत नाही, पाटील साहेब. प्रत्येक निर्णयाला तारीख आहे आणि तो घेणाऱ्यांची नावं आहेत. त्या तारखा समोर ठेवून तुम्ही जबाबदारी ठरवा, मी खुशाल वाद घालेन. रक्तात वैर आहे म्हटलं की जमाल पाशाही सुटतो, पिकोही सुटतो आणि स्ट्रुमा समुद्रात ढकलणारेही सुटतात.