मदत हवी आहे: अणुवीज केंद्राची क्षमता वाढवायला परवानगी देताना नेमकं काय तपासतात?

वर्धाकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी,

वरोरा तालुक्यातल्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायचं आहे आणि एका प्रश्नावर अडलोय. जाणकारांनी मदत करावी.

परवा वर्गात वीजनिर्मितीचा धडा होता. निम्मी पोरं पेंगत होती, कारण त्या आठवड्यात आमच्या शेतीच्या फीडरला रात्रपाळी होती. हरभऱ्याला पाणी द्यायला बाप एकटा जाऊ शकत नाही. वाघाची भीती, म्हणून पोरगं बॅटरी घेऊन सोबत जातं. चंद्रपूरचं केंद्र कोळशावर २,९२० मेगावॉटचं आहे, तारापूरला अणूवर वीज होते, असं सांगत होतो. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, अणूले कोळसा लागत नाही, मंग त्याच संचातून थोडी जास्त वीज काढाले काय होते?"

"सुरक्षेसाठी परवानगी लागते" म्हणून मी त्याला बसवलं. रात्रभर जागून शाळेत आलेल्या पोराला एवढंच उत्तर द्यावं, हे माझं मलाच पटलं नाही.

मागच्या वर्षी आमच्याच विहिरीवर ३ एचपीची मोटर काढून ५ एचपीची बसवली. मोटर उत्तम चालली. पण केबल जुनीच होती. चौथ्या रात्री जोडावरची टेप वितळून स्टार्टरपर्यंत काळी पडली, आणि दीड तासात विहीर तळाला गेली, कारण झरे तेवढेच होते. मोटर सोडून बाकी काहीच आम्ही पाहिलं नव्हतं. अणुभट्टीत हे "बाकीचं" कोण पाहतं आणि कसं पाहतं, हाच माझा प्रश्न आहे.

वाचून एवढं समजलं: परवान्यात मर्यादा असते ती अणुभट्टीच्या उष्णतेवर, म्हणजे औष्णिक मेगावॉटवर. अमेरिकेत १९७७ पासून ही मर्यादा वाढवण्याचे १६० हून जास्त अर्ज मंजूर झाले. त्यांची अणुऊर्जा नियामक संस्था तीन प्रकार मानते: २ टक्क्यांच्या आतली वाढ, साधारण ७ टक्क्यांपर्यंतची आणि २० टक्क्यांपर्यंतची.

अडलो ते इथे:
१. पहिल्या प्रकारात म्हणे फक्त "मोजमाप सुधारून" वीज वाढते. मोजल्यानं वीज कशी वाढेल?
२. मोठ्या वाढीत तपासणी कुठपर्यंत जाते? आणि कधी काही निसटलं आहे का?
३. आपल्याकडे असं काही झालंय का?

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

सर, पहिल्या प्रश्नाचं सांगतो. औष्णिक केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांवर, नोकरी गेली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

अणुभट्टी किती उष्णता देते ते थेट मोजता येत नाही. वाफ करण्यासाठी आत जाणारं पाणी, म्हणजे फीडवॉटर, किती, किती तापमानाचं, आणि त्याची वाफ किती, यावरून हिशेब करतात. यात सगळ्यात कच्चा दुवा फीडवॉटरच्या प्रवाहाचा. पूर्वी तो व्हेंच्युरी नोझलनं, म्हणजे मध्ये अरुंद होणाऱ्या नळीनं, मोजायचे, आणि नोझलमध्ये थर साचला की आकडा सरकतो. म्हणून अमेरिकेत नियमच होता: अपघाताच्या वेळी गाभा (भट्टीतला इंधनाचा भाग) थंड ठेवायची गणितं करताना भट्टी १०२ टक्क्यांवर चालली आहे असं धरा. ते २ टक्के म्हणजे मोजमापातल्या चुकीसाठी सोडलेली जागा. पुढे पाइपाच्या आरपार ध्वनिलहरी सोडून प्रवाह मोजणारे अल्ट्रासोनिक मीटर आले आणि चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आली. २००० साली नियम बदलला: चूक कमी असल्याचं सिद्ध करा आणि उरलेली जागा वापरा. म्हणून ही वाढ बहुधा दीड टक्क्याच्या जवळपास असते.

नियामक इथे मुख्यतः मीटरच तपासतो. कॅलिब्रेशन (मीटर अचूक मोजतो का याची पडताळणी) कुठे झालं, मीटर बंद पडला तर किती तासांत भट्टी जुन्या पातळीवर आणणार, हे लिहून द्यावं लागतं. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात प्रामाणिक. भट्टीची जुनी गणितं १०२ धरूनच झालेली असतात, त्यांच्या बाहेर कोणी जात नाही.

---

भारनियमन

मास्तर, तुमची केबल हेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

भट्टी बंद केल्या क्षणीही चालू असतानाच्या ६-७ टक्के उष्णता निघतच राहते, मग हळूहळू उतरते. क्षमता २० टक्के वाढवली की ही मागे उरणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. मग आणीबाणीचं पाणी पुरेल का, बाहेरच्या काँक्रीटच्या कवचात दाब किती चढेल, वापरलेल्या इंधनाचा तलाव किती तापेल, नदीत सोडलेलं पाणी किती गरम असेल, हे सगळं नव्यानं मांडावं लागतं. ऑपरेटरच्या हातातला वेळही कमी होतो. पूर्वी एखादा व्हॉल्व्ह बंद करायला वीस मिनिटं मिळत असतील तर आता किती, हे सिम्युलेटरवर करून दाखवावं लागतं. टर्बाइन, फीडपंप, ट्रान्सफॉर्मर यांतलं बरंचसं बदलावंच लागतं.

कागद आले की नियामक आधी बघतो, अर्ज तपासण्याइतका पूर्ण आहे का. मग जाहीर सूचना निघते. लोकांना म्हणणं मांडता येतं, सुनावणीही मागता येते. तज्ज्ञ प्रश्नांच्या फैरी पाठवतात, काही गणितं स्वतः करून ताडून पाहतात. मोठी वाढ असेल तर वेगळ्या सल्लागार समितीसमोरही जावं लागतं.

आणि हो, निसटलं आहे. इलिनॉय राज्यातल्या क्वाड सिटीज केंद्रात जवळपास १८ टक्के वाढ मंजूर झाली आणि २००२ मध्ये स्टीम ड्रायरला तडे गेले. ड्रायर म्हणजे वाफेतले पाण्याचे थेंब वेगळे काढणारी नागमोडी पत्र्यांची रचना. वाफेचा वेग वाढला, मुख्य नळीला जोडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या फाट्यांच्या तोंडावरून ती जाताना नाद उठू लागला आणि त्या नादानं ड्रायर हादरत राहिला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तेच. ड्रायर अपघात रोखणाऱ्या यंत्रणेत मोडत नाही, म्हणून त्याच्याकडे तेवढ्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. पण त्याचा तुकडा सुटून वाफेच्या नळीत गेला तर सुरक्षेचे व्हॉल्व्ह अडकू शकतात. यानंतर ड्रायरवरच्या ताणाचा हिशेब आधी मागायला लागले, आणि शक्ती टप्प्याटप्प्यानं चढवून प्रत्येक पायरीवर थांबून कंपनं मोजायला लावली.

---

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

तिसऱ्याबद्दल: आपल्याकडची बोलकी उदाहरणं क्षमता कमी करण्याची आहेत. तारापूरचे पहिले दोन संच २१० मेगावॉटचे होते. स्टीम जनरेटरच्या, म्हणजे वाफ बनवणाऱ्या भांड्याच्या, नळ्या गळायला लागल्यावर १९८०च्या दशकात ते १६० वर आणले. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमला भट्टीत हेवी वॉटर (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी) आत सोडणारा भाग तुटला, म्हणून संच १७० वर चालवावे लागले. पुढे भट्टीतल्या नळ्या बदलताना हेवी वॉटरसाठी वेगळी सोय बसवली, तेव्हा ते २२० पर्यंत नेता आले. म्हणजे हरवलेली क्षमता परत मिळवायची तरी आधी दुरुस्ती दाखवावी लागली.

हे पाहणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, १९८३ सालची. नव्या संचालाही ती एकदम १०० टक्के देत नाही. गुजरातेतल्या काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या तिसऱ्या संचाचं व्यावसायिक उत्पादन ३० जून २०२३ ला सुरू झालं तेव्हा तो ९० टक्क्यांवर होता. पूर्ण क्षमता ऑगस्टच्या शेवटी गाठली.

---

वर्धाकाठचा_मास्तर

दोघांचेही मनापासून आभार. त्या पोराला उद्याच सांगतो की त्याचा प्रश्न बरोबर होता. जळालेला केबलचा तुकडा अजून कोठ्यात आहे, तो वर्गात नेतो. आणि बाटलीचा प्रयोग करायचा आहे, पण फुंकर जोरात मारली तर आवाज वाढतो की बदलतो?

---

भारनियमन

हळू फुंकली तर घुमणारच नाही. ठराविक वेगाला एकदम घुमेल, त्यापुढे नेली तर कधी बंद पडेल, कधी वरच्या सुरात जाईल. काचेची बाटली घ्या आणि त्यात पाणी कमी-जास्त करून मुलांनाच तो वेग शोधायला सांगा. फुंकर तोंडावरून आडवी गेली पाहिजे, आत नाही.