औंढ्याचा लायगो, परग्रहावरची माणसं आणि पाणाड्या

कयाधूकाठ: काल ‘बांधावरचा’ यांनी लिहिलं, ‘औंढ्याला २६०० कोटी घालून परग्रहावरची माणसं शोधणार, आणि आमच्या गावात मार्चपासून टँकर. ही खाज नेमकी कुणाला सुटलीय?’ रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

लायगो परग्रहावरचं कुणी शोधत नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की गुरुत्वीय तरंग उठतात. ते पकडायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा बांधायच्या आहेत. अमेरिकेत २०१५ला पहिला तरंग सापडला, आपल्या प्रकल्पाला २०२३ला केंद्राची मंजुरी मिळाली. एवढंच.

आता खाजेचं. १९६०ला फ्रँक ड्रेक या अमेरिकी शास्त्रज्ञानं, तिकडून कुणाचा संकेत येतो का ते बघायला, दोन ताऱ्यांकडं रेडिओ दुर्बीण लावली, हाती काही लागलं नाही. १९७७ला ओहायोत एक जोरकस संकेत आला, ७२ सेकंद टिकला, परत कधी आला नाही. तरी लोक कान लावून बसलेत. का, ते मला आजीमुळं कळतं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो तेव्हा ती विचारायची, ‘तिकडं बी कुणी असंल का रं, आपल्यावाणी वर बघत पडलेलं?’ ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिला हे कुण्या शास्त्रज्ञानं शिकवलेलं नव्हतं.

बांधावरचा: लायगोचं माझं चुकलं. मुद्दा सोडत नाही. तुमच्या आजीला विचारायला दमडी लागली नाही. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी घागरी घेऊन रात्री दोन वाजता रांगेत होतो. आभाळाकडं बघायचं सुचलं नाही.

भूमितीच्या बाई: दमडीचाच हिशोब सांगते. रेडिओ संकेत शोधायच्या नासाच्या कामाचा निधी अमेरिकेच्या संसदेनं १९९३लाच तोडला. त्याच साली आपल्याकडं किल्लारी झालं, म्हणून साल डोक्यात बसलंय. त्यानंतर हे काम बरंचसं खासगी पैशावर चालतं. २०१५ला यूरी मिल्नर या अब्जाधीशानं त्यासाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले. तुमच्या टँकरमधला एक थेंब त्यात गेलेला नाही. टँकर का येत नाही ते तहसीलला विचारा.

बांधावरचा: पैसा कुणाचा का असेना. साठ-पासष्ट वर्षं हातावर नारळ घेऊन फिरतायत आणि नारळ काही उभा राहीना. पाणाड्यात आणि यांच्यात फरक काय?

देवणीवाला: पाणाड्याला कामून मधी ओढता? आमच्या आत्याच्या रानात पाणाड्यानं दाखवल्या जागी २१० फुटाला अडीच इंची पाणी लागलं. सगळ्या गावानं बघितलं. शिकलेली माणसं उगं नावं ठेवतात.

भूमितीच्या बाई: मग माझंही ऐका. वडिलांनी सात बोअर पाडले. सातही पाणाड्यानं दाखवलेले. शेवटचा साडेसातशे फूट गेला, वर नुसता फुफाटा आला. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये असतं. भेग गाठली तर पाणी, नाही तर धूळ. आईच्या पाटल्या तिसऱ्या बोअरलाच गेल्या होत्या. जाब विचारला तर तो पाणाड्या म्हणाला, ‘घरातल्या बाईचा विटाळ आडवा आला.’ आई त्यानंतर कित्येक वर्षं त्या रानात गेली नाही.

देवणीवाला: तुमचा पाणाड्या भामटा निघाला, म्हणून सगळेच का? पाणी बघायचे पैसे घेत नाही असा माणूस मी दाखवतो.

भूमितीच्या बाई: पैशाचं बोलतच नाही मी! चुकला तेव्हा त्यानं काय केलं, ते विचारतेय. माझ्या आईवर ढकललं!

कयाधूकाठ: बांधावरचा, तुम्ही विचारलेला फरक बाईंनी सांगितला. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा खाली आणली. तिच्यात जिवाणू सापडले, त्यातल्या तीन जाती नव्या निघाल्या. २००९ला हे जाहीर करताना इस्रोनं स्वतःच सांगितलं की एवढ्यावरून ते पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून बसलेली माणसं अशी थांबतात. २०२५ला केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ मधुसूदन यांच्या गटानं के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीची खूण असल्याची शक्यता मांडली. १२४ प्रकाशवर्षं दूर. महिना-दोन महिन्यांत दुसऱ्यांनी तीच मोजमापं पुन्हा तपासून पुरावा तोकडा असल्याचं लिहिलं. कुणाचा विटाळ निघाला नाही.

देवणीवाला: सारखं विटाळ विटाळ करू नका. वाईट वाटतंय वाचून. आमचीबी आई होती.

बांधावरचा: बाई, पाणाड्याची उपमा मागं घेतो. आमच्याकडंही पाच बोअर झालेत, पुढचं लिहीत नाही. पण एक राहतंच. ज्याच्या घरी हंडा रिकामा, त्याला हे पटवायला जाऊ नका. त्याला आजीसारखा प्रश्न पडत नाही असं मी म्हणणार नाही. मिरजेची गाडी आली त्या रात्री रांगेत माझी पोरगी खांद्यावर होती. तिनं विचारलं होतं, चंद्रावर पाणी हाय का. मी तिला गप्प केलं.

कयाधूकाठ: आहे म्हणून सांगा तिला. २००९ला आपल्याच चांद्रयान-१वरच्या उपकरणानं त्याच्या खुणा दाखवल्या.

बांधावरचा: आता बारावीला आहे. तिला माहीत असणार. विचारतो.

देवणीवाला: आत्याचा बोअर गेल्या मे महिन्यात आटला. मघाशी लिहिलं नव्हतं.