२००१ चा एक नंबर हिंदी अल्बम कुठला? अख्खी कॅसेट धरून सांगा

कृष्णाकाठ_सांगली

राम राम मंडळी, एक वाद मिटवायचाय. आमची दहावीची बॅच २००१ ची. दिवाळीत सगळे गावाकडं येतात म्हणून हरिपूरला एका मित्राच्या मळ्यात जमायचं ठरलंय, भाकरी, भरीत, खर्डा असा बेत, आणि एकानं टूम काढली की जेवणं होईपर्यंत आपल्या वर्षातला एकच अल्बम लावायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये कुणी फोनला हात लावायचा नाही. झालं, आठ दिवस ग्रुपवर नुसती भांडणं चाललीत. निम्मे लगान म्हणतात, निम्मे दिल चाहता है, आणि एक गडी एकटाच गदर गदर करतोय.

माझं मत लगान. घनन घनन घ्या. ढग येतात, अख्खं गाव अंगणात येतं, आवाजावर आवाज चढत जातो, उदित, सुखविंदर, अलका, शंकर महादेवन, शान सगळे त्यात आहेत, आणि शेवटी पाऊस काही पडत नाही. आमच्या जत-आटपाडीकडच्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. माझं आजोळ आटपाडीकडचं, मृगात ढग आले की आजी वाळत घातलेली बाजरी भराभरा सुपानं पाटीत भरायची, अर्धी भरून होईस्तोवर पुन्हा ऊन पडायचं, मग ती पाटी तशीच मांडीशी धरून आभाळाकडं बघत बसायची. ते गाणं लागलं की मला अजून ती पाटी दिसते. वर राधा कैसे न जले मध्ये आपल्या सांगलीच्या आशाताई. एवढ्यावरच आपला निकाल लागलाय.

पण अट एकच, अल्बम म्हणजे अख्खा अल्बम. दोन गाणी हिट झाली म्हणून चालणार नाही. पुढं ढकलावं असं गाणं कुठल्यात नाही ते कारण देऊन सांगा.

विश्रामबाग_८४

भावा लगान मोठा अल्बम आहे, त्याबद्दल वाद नाहीच, पण २००१ चा अल्बम म्हणशील तर दिल चाहता है. लगानची गोष्ट १८९३ सालातली, तिचं संगीत त्या गावासाठी केलंय आणि ते अचूक केलंय. पण २००१ मध्ये आपण कसे होतो, कसं बोलत होतो, हे कुठल्या गाण्यांत आलं सांग बरं? गंमत बघ, दोन्हीकडची गाणी जावेद अख्तरांचीच. तिकडं अवधी वळणाची भाषा लिहिली आणि इकडं मित्र मित्राशी बोलतो तसं लिहिलं, तेही एकाच वर्षात. शंकर-एहसान-लॉय यांनी गिटार, ड्रम असे काही वापरले की आधीची हिंदी गाणी एकदम जुनी वाटायला लागली. जाने क्यों मध्ये तो घुमणारा आवाज आहे ना, ते डिजरिडू, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं वाद्य. आम्हाला तेव्हा नाव कुठलं माहीत, आम्ही तोंडानं तसा आवाज काढत कॉलेजभर फिरायचो.

आणि तनहाई. पुण्याला पहिली नोकरी लागली तेव्हा रविवारी रात्रीच्या एसटीनं जायचो, वॉकमनचे सेल जपून वापरायचे म्हणून खंबाटकी घाट येईपर्यंत मशीन बंदच ठेवायचो आणि घाट लागला की फक्त ते एक गाणं ऐकायचो. खिडकीची काच थडथड वाजायची, बाजूचा माणूस खांद्यावर डोकं टाकून झोपलेला आणि कानात सोनू निगम. घर सोडून आलेल्या कुणालाही विचार ते गाणं काय आहे.

फिल्मफेअर सगळं लगानला गेलं, मान्य आहे, रहमान, जावेदसाहेब, मितवासाठी उदित, ओ री छोरीसाठी अलका. पण राष्ट्रीय पुरस्कार उदितला मितवा आणि जाने क्यों या दोन गाण्यांना मिळून दिलाय, म्हणजे परीक्षकांनाही एक निवडता आलं नाही.

मिरजेचा_तंबोरा

गदर म्हणणारा तो एकटा गडी कोण आहे त्याला माझा नमस्कार सांगा. लगान आणि गदर दोन्ही १५ जून २००१ ला एकाच दिवशी लागले होते. लोकांनी गदरला ट्रक भरभरून गर्दी केली आणि गाण्याची चर्चा आली की मात्र लगानचंच नाव घेतात, हे मला पटत नाही.

आमचं घर सतारमेकर गल्लीत, घरात तीन पिढ्या तंबोरा करतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमता नाद, काढायचं काम फार नाजूक असतं, घोडीवर कानस फिरवायची ती केसाएवढी, मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत बघायचं की आवाज कुठं खुलतोय. वडील त्या वेळी रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत. गदरची कॅसेट मी चोरून लावली होती, बारीक आवाजात, उड जा काले कावां साठी. पुढं आन मिलो सजना सुरू झालं, परवीन सुलताना आणि पंडित अजय चक्रवर्ती. वडिलांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, परत लाव. बारीक नको, मोठ्यानं लाव. आमच्या घरात सिनेमाची कॅसेट मोठ्यानं वाजली ती पहिल्यांदा. मारधाडीच्या सिनेमात असली ठुमरी घालायला संगीतकाराची छाती लागते. उत्तमसिंग स्वतः व्हायोलिनवाले, त्यांना ते माहीत होतं. आणि उड जा काले कावां एकच चाल, पण लग्नात वेगळी, शोधात वेगळी, शेवटी वेगळी येते, एका चालीवर अख्खा सिनेमा तोललाय. तुम्ही अख्खा अल्बम म्हणताय ना, मग ही बांधणी पण मोजा की.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्यातनं बोलतोय. रहना है तेरे दिल में विसरलात काय सगळे? ऑक्टोबर २००१. सिनेमा लागला तेव्हा चालला नाही पण गाण्यांनी तो जिवंत ठेवला, आज पंचवीस वर्षांनी पण कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला जरा जरा झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. सच कह रहा है दीवाना मधला केके ऐका, ओरडत नाही, रडत नाही, तरी आतनं पिळवटून काढतो. २०२२ च्या ३१ मे ला तो गेला त्या रात्री आम्ही चार मित्र पोवई नाक्यावर गाडीत बसून एवढं एकच गाणं परत परत लावत होतो, कुणी कुणाशी बोललं नाही.

विश्रामबाग_८४

@अजिंक्यताऱ्याखाली दादा गाणी एकदम मान्य, पण त्या चाली तमिळ मिन्नले मधल्या आहेत ना? मग हिंदीत कशा मोजायच्या?

अजिंक्यताऱ्याखाली

मिन्नले पण २००१ चाच, फेब्रुवारीतला, हॅरिस जयराजचा पहिलाच सिनेमा. दोन्हीकडं संगीतकार तोच, जरा जरा गाणारी बॉम्बे जयश्री पण तीच. साल तेच, माणसं तीच, मग अडलं कुठं? पहिल्याच सिनेमात पोरानं असलं काम केलंय, त्याला चाल उचलली म्हणायचं नसतं.

गावभागातली

कृष्णाकाठ दादा, आशाताई सांगलीच्या म्हणून मत देऊ नका हो, त्यांचा मान त्यानं कमी होतो. गाणं ऐकून द्या. त्या १९३३ च्या, म्हणजे राधा कैसे न जले आलं तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या, आणि गातात कुणासाठी तर लगानच्या विशीतल्या नायिकेसाठी, गौरीसाठी. मी गाणं शिकवते. मुलींना मी हे गाणं बसवायला देते आणि सगळ्या एकाच जागी अडकतात, जळणं दाखवायला जातात आणि आवाज रागाचा येतो. आशाताईंच्या आवाजात राग नाहीच, रुसवा आहे, आणि तो शब्द सोडताना येतो, धरताना नाही. बरोबर वैशाली सामंत पण आहे त्यात, पुढं ऐका दाजीबावाली. दोन पिढ्यांचे मराठी आवाज एका गाण्यात आहेत, हे कुणी सांगतच नाही.

आणि रहमानचंच बोलायचं तर त्याच वर्षी जानेवारीत जुबैदा आला होता, त्याचं नाव इथं अजून कुणी घेतलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. धीमे धीमे मधली कविता कृष्णमूर्ती, सो गए हैं मधल्या लताबाई. अख्खा अल्बम न ढकलता ऐकायचा ही तुमची अट असेल तर माझं मत जुबैदाला. मळ्यात जेवताना चालेल का माहीत नाही, एकट्यानं ऐकायचा आहे तो.

कृष्णाकाठ_सांगली

ताई तुमचं बरोबर आहे, सांगलीचं कारण मागं घेतलं. काल रात्री सगळं सोडून बसलो आणि लगान आणि दिल चाहता है दोन्ही ओळीनं ऐकले, न ढकलता. मधे जुबैदातलं सो गए हैं पण ऐकलं आणि पुढचं काही लगेच लावावंसं वाटलं नाही.

लगानमध्ये एक तुकडा आहे, वॉल्ट्झ फॉर अ रोमान्स, नुसती वाद्यं. कॅसेटच्या काळात मी तो कायम पुढं ढकललाय, शब्द नाहीत म्हणून. काल पहिल्यांदा नीट ऐकला. ओ री छोरी मध्ये वसुंधरा दासच्या तोंडी जी एलिझाबेथची, म्हणजे सिनेमातल्या गोऱ्या मेमसाहेबाची, इंग्रजी ओळ येते, तिचं मन गोऱ्यांच्या नाचघरात कसं वाजत असेल ते या तुकड्यात आहे. गावात ती एकटीच आहे आणि तिला सांगायला कुणी नाही, म्हणून शब्द नाहीत. हे मला समजायला इतकी वर्षं लागली. त्यामुळं माझं मत लगानलाच राहिलं, पण आता कारण वेगळं आहे.

विश्रामबाग भावा, तनहाईला मात्र मी पण थांबलो, खोटं बोलत नाही. मिरजकर, तुमची ठुमरी आज दुपारी दुकानात लावली तर गिऱ्हाईक बिल देऊन पण उभं राहिलं होतं. त्या एकट्या गड्याला तुमचा निरोप दिलाय, लई खूश झालाय.

अजून एक. लगानची माझी ओरिजिनल कॅसेट, सोनीची, दोघांत पैसे काढून घेतलेली, २०१९ च्या पुरात भिजली होती. घरात कमरेएवढं पाणी होतं. रिबन उलगडून पंख्याखाली वाळवून परत गुंडाळली. ए बाजू वाजते, बी बाजूला आवाज बुडल्यासारखा येतो. मळ्यात तीच लावायची म्हणतोय, पण घरातला टेप केव्हाच बंद पडला. सांगली-मिरजेत कुणाकडं चालू टेप रेकॉर्डर असला तर कळवा, एका दिवसापुरता पाहिजे, आणायला मी स्वतः येतो.

मिरजेचा_तंबोरा

वडिलांचा आहे, बेल्ट नवीन घातलाय, चालतोय. दर्ग्याजवळ आलात की मेसेज टाका. आणि तुमच्या बी बाजूचं काय होतंय ते मला ऐकायचंय, हेड साफ करून बघू आधी.