मदत हवी आहे: सिकलसेल असलेल्या विद्यार्थिनीला पुण्यात औषध आणि प्रमाणपत्र कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत माझी छोटी खानावळ आहे. आदिवासी वसतिगृहातल्या मुलांच्या खात्यात जेवणाचे पैसे थेट यायला लागल्यापासून धडगाव, अक्कलकुवा, जव्हारकडची बरीच पोरं माझ्याकडे जेवतात. त्यातल्या एका मुलीसाठी विचारतेय. तिला विचारूनच लिहितेय.

मुलगी पावरा समाजाची, धडगाव तालुक्यातली, इथे बी.एस्सी. करते. आश्रमशाळेत असतानाच तिची सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली होती. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. रिपोर्ट एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, ग्रस्त. तिकडे आशाताई फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घरी आणून द्यायच्या, हायड्रॉक्सियुरियाच्या (दुखण्याचे झटके कमी करणारं औषध) कॅप्सूल सरकारी दवाखान्यातून मिळायच्या. पुण्यात आल्यावर ते सगळं तुटलं. तिचं सिकलसेलचं कार्डसुद्धा गावी पत्र्याच्या पेटीत आहे.

थंडी पडली आणि तिचे गुडघे, पाठ धरली. जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, "रक्त कमी आहे, पालेभाज्या खात जा" म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. (पालेभाजी माझ्याकडे रोज असते हो!) तिने सिकलसेलचं सांगितलं, तर "ते तुमच्या लोकांत असतंच" एवढंच उत्तर. पोरगी पुन्हा तिथे पाय ठेवायला तयार नाही.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 17 राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. हिचा आजार सापडला तोही सरकारी तपासणीतच. पण औषधाची सगळी साखळी गावच्या पत्त्याला बांधलेली. शिकायला एका खात्याने वसतिगृह दिलं, औषध दुसऱ्या खात्याकडे, आणि शहरात आलेली पोरगी कुणाच्याच यादीत नाही.

तर पुण्यात नियमित हायड्रॉक्सियुरिया सरकारी दवाखान्यात कुठे मिळेल? रेशनकार्ड नंदुरबार जिल्ह्यातलं आहे, महात्मा फुले योजना (सरकारची मोफत उपचारांची) इथे चालेल का? आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिला परत नंदुरबारला जावं लागेल का? परीक्षा तोंडावर आहे, जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात.

प्रतिसाद १ (पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो)

ताई, लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही ते फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून डॉक्टरांना ठरवू द्या. साधी लाल पेशी 120 दिवस टिकते, सिकलसेलमधली 10 ते 20 दिवसांतच फुटते. हिमोग्लोबिन त्यामुळे कमी दिसतं. लोह कमी असेलच असं नाही, वारंवार रक्त चढवलेलं असेल तर उलट साठलेलं असतं. हायड्रॉक्सियुरिया मेडिकलमधून आणून स्वतःहून सुरू करू नका, त्यावर असताना अधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावीच लागते. ससून या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि "रक्त कमी आहे" असं न सांगता "सिकलसेल एसएस आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी. पाणी भरपूर, अंगावर स्वेटर.

प्रतिसाद २ (मूळ शहाद्याचा, आता पिंपरीत)

कार्डसाठी कुणी गावाला जायची गरज नाही. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा आरोग्यसेवकाला फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा. महात्मा फुले योजना राज्यात कुठल्याही अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात चालते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ती अ‍ॅडमिट झाल्यावर कामाची, महिन्याच्या कॅप्सूलसाठी नाही. हेल्पलाइन 155388.

प्रमाणपत्राचं: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही करता येतो, हे नियमातच आहे. म्हणजे आधी इथला केसपेपर, मग यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज. खिडकीवर "तुमच्या जिल्ह्यात जा" म्हणतील, तेव्हा नियमाची प्रत पुढे करा.

एक मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा. उच्च शिक्षणातलं दिव्यांगांचं 5 टक्के आरक्षण अपंगत्वाची टक्केवारी 40 किंवा त्याहून जास्त असेल तर मिळतं. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांत रक्ताचे आजार धरलेले नाहीत. एमपीएससीच्या भरवशावर असेल तर पुढे हिरमोड नको. आमच्या भाच्याचा झाला.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

दोघांचेही आभार. तिची एमपीएससीची तयारी खरंच चालू आहे, संध्याकाळी जेवायला आली की सांगते. मुख्याध्यापकांचा नंबर तिच्याकडे आहे, फोटो उद्यापर्यंत येईल म्हणाली. सोमवारी तिला घेऊन ससूनला जाणार, दुपारच्या डब्यांचं बाई बघतील. मेडिसिनची ओपीडी कुठल्या इमारतीत आहे आणि केसपेपरची खिडकी किती वाजता उघडते, एवढं कुणी सांगेल का?