एअर विंगमध्ये सार्जंट हुकलं. आता?

एनसीसी, कॉलेज, दुसरं वर्ष. शनिवारी रँकची यादी लागली आणि मी कॉर्पोरलच राहिले. एकही परेड बुडवली नाही, दोन कॅम्प केले, बुटांना पॉलिश करून नखं कायमची काळी. बाबा म्हणतात सोड. मला हवाई दलात जायचंय. वरच्या रँकशिवाय सी सर्टिफिकेटला (एनसीसीचं सगळ्यात वरचं प्रमाणपत्र) किंमत आहे का?

*जुना वॉरंट ऑफिसर:*
बाबांना म्हणावं, थांबा. खालून वर रँक अशा: फ्लाइट कॅडेट, लीडिंग फ्लाइट कॅडेट, कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर, सीनियर अंडर ऑफिसर. वर जाल तशा जागा कमी. सीनियर अंडर ऑफिसर बनायला सगळ्यांनाच आवडेल हो! पण हवाई दलाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे कॅडेट्ससाठीच्या वेगळ्या भरतीला, एअर विंगचं सी सर्टिफिकेट लागतं, रँक नाही.

*फाटका आवाज:*
एक विचारतो, राग मानू नकोस. कमांड कशी देतेस? माझं 'पीछे मुड़' नेमकं 'मुड़'वर फाटायचं, अख्खा स्क्वॉड हसायचा. महिनाभर गच्चीवर ओरडलो, शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय झालं म्हणून. पुढच्या यादीत सार्जंट.

*प्रश्नकर्ती:*
अय्या, माझं 'थम' (थांबण्याची कमांड) चुकतं! पाय चुकीचा पडतो आणि मी हळूच बोलते. ड्रिल शिकवणारे उस्ताद दोनदा बोलले होते, मी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे गच्ची नाही, पण मैदान आहे. सकाळी सहाला जाते, कुणी नसतं तेव्हा.