बाबांची .२२ ट्रेनिंग रायफल: वेल्ड करून भिंतीवर लावायची की चालवायची?

प्रतापनगरची_कॅडेट
बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या परवान्यावर एक जुनी .२२ रायफल आहे. दिसायला थेट थ्री-नॉट-थ्री, वजनही तसंच, पण बॅरलचं भोक बारीक. बोल्टखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, जी.आर. (राजा जॉर्जची अक्षरं), बी.एस.ए. (बनवणारी कंपनी) आणि १९१७ असं कोरलंय. मॅगझिन आहे, पण आतून रिकामी पेटीच. एकेक राउंड हातानं घालावा लागतो. बाबा गेल्यावर ती लगेच परवानाधारक दुकानात जमा केली, पावती आहे. आता दुकानदार म्हणतो, "चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, वेल्ड करून देतो, भिंतीवर लावा, कटकट मिटेल." भावालाही ते पटतंय. मला अजिबात नाही. माझं एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट आहे, आणि या रायफलीवर मला फायरिंग करायचं आहे. परवाना माझ्या नावावर होईल का? आणि इतकी जुनी रायफल चालवणं सुरक्षित आहे का?

सिव्हिल_लाईन्स_वकील
ताई, जमा केलीत ते उत्तम झालं. वारसांना परवाना देण्यासाठी आर्म्स रूल्स २०१६ मध्ये नियम २५ आहे आणि मुलगी वारस आहेच. नागपूर शहरात अर्ज पोलिस आयुक्तालयात जातो. आई आणि भावाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र सोबत लावा. अर्जात बोअर .२२ असंच स्पष्ट लिहा. '.३०३ सारखी' वगैरे वर्णन नको, कारण .३०३ प्रतिबंधित बोअर आहे, .२२ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा मिळतो.

निवृत्त_एएनओ
बेटा, वेल्डिंग मुळीच करू देऊ नकोस. एकदा चेंबर बुजलं की जगातला कुठलाही कारागीर ते पूर्वीसारखं करून देऊ शकत नाही.

तुझ्या वर्णनावरून ही नंबर २ मार्क ४ घराण्यातली दिसते. जुन्या .३०३ रायफलींना .२२ चं बॅरल बसवून किंवा मूळ बॅरलला आतून .२२ चं अस्तर घालून त्या केल्या जायच्या. म्हणून १९१७ हे मूळ रायफलीचं साल; .२२ ती नंतर झाली. मॅगझिनची पेटी रिकामी ठेवली ती मुद्दाम: बोल्ट मागे ओढला की काडतुसाचं रिकामं केस (कवच) त्यातच पडतं. शिकाऊ जवानाच्या हाताला वजन, बोल्ट, साईट सगळं खऱ्या रायफलीचं, मात्र काडतूस स्वस्त, धक्का नाही आणि रेंज २५ यार्डांची पुरते. केवढा विचार आहे बघ त्यात! कामठीच्या ओटीएमध्ये, म्हणजे एनसीसी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण अकादमीत, मी शिकलो तेव्हापासून शिकवण्यासाठी घडवलेल्या या रायफलींवर माझा जीव आहे. त्या मुक्या केलेल्या मला बघवत नाहीत.

आता चालवण्याचं. परवाना झाला की आधी चांगल्या आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला) दाखव. बोल्ट काढून बॅरलच्या तोंडाशी पांढरा कागद धर आणि मागून बघ, आत गंजाचे खड्डे दिसतात का. अस्तर घातलेलं असेल तर बॅरलच्या तोंडावर दोन धातूंमध्ये बारीक कडं दिसतं. चेंबरची कड नखानं तपास. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे फायरिंग पिन केसच्या काठावर आपटते. आत केस नसेल तर ती थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खाच पडते. दुकानात किंवा पुढे घरात कुणी गंमत म्हणून रिकामा ट्रिगर दाबत असेल तर ते आजपासून बंद. सुरुवातीला रेंजवर प्रत्येक रिकामं केस हातात घेऊन बघ. काठ फाटला किंवा फुगला असेल तर फायर थांबवायचं, पुढचा राउंड नाही. काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचंच (नेहमीच्या वेगाचंच) घे.

लाकडावर सँडपेपर नको, पॉलिशही नको, जुने शिक्के जातील. या बटांना (रायफलीच्या लाकडी दस्त्यांना) फौजेत जवसाचं कच्चं तेल लावायचे, आणि ते आपल्या विदर्भात घाण्यावर मिळतं! चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं. पुसलेली चिंधी मात्र पाण्यात भिजवून मगच फेक. जवसाच्या तेलाची गोळा केलेली चिंधी आपोआप पेटते, आणि आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको. रायफल कापडी किंवा चामडी कव्हरमध्ये बंद ठेवू नकोस, पावसाळ्यात ओल धरते.

प्रतापनगरची_कॅडेट
सर, खूप आभार. बॅरलच्या तोंडावर तसं कडं आहे, फोटोत दिसतंय. भावाशी बोलले, तो नाहरकत द्यायला तयार आहे. परवाना येईपर्यंत रायफल दुकानातच राहणार, त्याचीच काळजी वाटते.

निवृत्त_एएनओ
मग उद्याच दुकानदाराला लेखी पत्र दे: जमा रायफलीवर वेल्डिंग, पॉलिश, कसलंही काम करू नये. पत्रात रायफलचा नंबर घाल आणि प्रतीवर सही-शिक्का घे. पाऊस सुरू व्हायच्या आत त्याच्यासमोर बसून बॅरलमधून तेलाची चिंधी फिरवून घे. रॉड मागच्या बाजूनं घालायचा, तोंडाकडून नाही.

सिव्हिल_लाईन्स_वकील
पत्रासोबत जमा पावतीची झेरॉक्स जोडा, आणि अर्जातही तोच नंबर आहे ना ते ताडून बघा.