गोधडीतल्या आवाजांचं काय करू? मदत हवी आहे

आमच्या तालुक्यातल्या सात बायका, सगळ्या घरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या, मिळून एक गोधडी शिवतायत, प्रत्येकीचा एक चौकोन. एकीने नवऱ्याने फाडलेल्या लुगड्याचा काठ लावलाय आणि धावदोरा मुद्दाम वाकडातिकडा घातलाय, मी सरळ करायला गेले तर म्हणाली राहू दे, तसंच होतं ते. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या, बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या सोळा दिवसांच्या मोहिमेत गोधडी मांडायचीय आणि चौकोनाला कान लावला की तिची गोष्ट तिच्याच आवाजात ऐकू यावी असं त्यांचंच म्हणणं.

अडलंय इथेच. हॉल तालुक्यातच, सासरचे लोक येणार, आवाज लगेच ओळखतील. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिच (आवाजाची पट्टी) बदलून बघितला तर कार्टून वाटतं, ऐकून त्या स्वतःच हसल्या. दुसऱ्या बाईकडून वाचून घेतलं तर एक म्हणाली, मग यात मी कुठंय?

बलात्काराच्या केसमध्ये ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ची बंदी आहे ते माहितीये, इथे तशी केस कुणाचीच नाही, पण दोघींच्या पोटगीच्या केसेस चालू आहेत. वकिलांनी फक्त 'नावं नको' एवढंच सांगितलं. लेखी संमती घेतलीय. स्टुडिओचं बजेट नाही, रेकॉर्डिंग मोबाईलवरच.

आवाज ओळखू येणार नाही पण तिची बोली, तिचं मधेच थांबणं तसंच राहील असं कुणी केलंय का, कसं? आणि ऐनवेळी एखादी नको म्हणाली तर तिचा चौकोन उसवायचा की नुसता झाकायचा?